फॉर्मेलिन : गुणधर्म, शेतीपूरक व्यवसायांतील वापर आणि सुरक्षित हाताळणी

रेशीम कीटक संगोपनगृह, धिंगरी अळिंबीचे काड, रोपवाटिकेची माती, पोल्ट्री शेड, अंडी उबवणी केंद्र अशा अनेक ठिकाणी निर्जंतुकीकरणासाठी फॉर्मेलिन वापरले जाते. ते स्वस्त आहे, सहज मिळते आणि जिवाणू, बुरशी, विषाणू व बीजाणू या सर्वांवर काम करते. मात्र हे रसायन विषारी आहे, ज्वलनशील आहे आणि त्याचा मुख्य धोका डोळ्यांना दिसत नाही. कॅनमध्ये दिसते ते पाणी. काम करतो आणि इजा करतो तो त्यातून बाहेर पडणारा वायू. हा फरक लक्षात घेतला, तर पुढील सर्व सूचना का दिल्या आहेत हे समजेल.

फॉर्मल्डिहाइड, फॉर्मेलिन आणि पॅराफॉर्मल्डिहाइड

ही तीन नावे एकमेकांऐवजी वापरली जातात, पण तीन वस्तू वेगळ्या आहेत.

- फॉर्मल्डिहाइड : अल्डिहाइड गटातील सर्वांत साधे सेंद्रिय संयुग. सामान्य तापमानाला रंगहीन, तीव्र वासाचा, ज्वलनशील वायू. उत्कलनबिंदू उणे १९ अंश सेल्सिअस.
- फॉर्मेलिन : हा वायू पाण्यात विरघळवून केलेले द्रावण. बाजारातील फॉर्मेलिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असते. द्रावण टिकून राहावे म्हणून त्यात बहुतेक वेळा १० ते १५ टक्के मिथेनॉल मिसळलेले असते. मिथेनॉल स्वतः ज्वलनशील आणि विषारी आहे.
- पॅराफॉर्मल्डिहाइड : फॉर्मल्डिहाइडचे रेणू साखळीने जोडले जाऊन तयार होणारी पांढरी भुकटी. तापवल्यावर तिचा पुन्हा वायू होतो. रेशीम कीटकांवर धुरळण्याच्या काही भुकट्यांत ती असते. थंडीत फॉर्मेलिनच्या कॅनच्या तळाशी बसणारा पांढरा साका हाच.

लक्षात ठेवण्याचे गुणधर्म

- पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळे डोळे, नाक, घसा यांच्या ओलाव्यात तो सर्वांत आधी शोषला जातो आणि तेथेच आधी चुरचुरते.
- वायूची घनता हवेइतकीच असते. तो वर उडून जात नाही की जमिनीवर बसून राहत नाही. बंद खोलीत सगळीकडे पसरतो.
- हवेत ७ ते ७३ टक्के प्रमाण असताना ठिणगी मिळाल्यास पेट घेतो.
- द्रावणाचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्यावरील वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, मिथेनॉलच्या प्रमाणावर ठरतो. १५ टक्के मिथेनॉल असलेल्या फॉर्मेलिनसाठी तो सुमारे ५० अंश सेल्सिअस, तर मिथेनॉल नसलेल्यासाठी ८० अंशांच्या वर असतो.
- हवेशी संपर्क आल्यास हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होते. त्यामुळे फॉर्मेलिन लोखंडी डब्यात ठेवल्यास डबा गंजतो आणि द्रावणही खराब होते.
- प्रथिनांशी जोडले जाऊन ती घट्ट करते. जंतू मरतात ते यामुळेच, आणि कातडी कडक होते तीही यामुळेच.

प्रज्वलनांकाचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. मार्च ते मे या काळात पत्र्याच्या शेडमध्ये, छताखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला कॅन चांगलाच तापतो. थंड खोलीत सहज पेट न घेणारे द्रावण अशा वेळी ठिणगीला प्रतिसाद देऊ शकते.

शरीरावर होणारे परिणाम

फॉर्मल्डिहाइडचा वास साधारण एक पीपीएमच्या आसपास जाणवू लागतो. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या कामात सरासरी ०.७५ पीपीएम आणि १५ मिनिटांसाठी २ पीपीएम ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे वास स्पष्ट येऊ लागला, तेव्हाच तुम्ही मर्यादेच्या जवळ पोहोचलेले असता. २० पीपीएम हे प्रमाण जिवाला तत्काळ धोकादायक मानले जाते.

- डोळ्यांत पाणी येणे, नाक व घसा चुरचुरणे, खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत.
- जास्त प्रमाणात श्वासात गेल्यास फुफ्फुसांत पाणी साठू शकते. हा त्रास काही तासांनंतरही सुरू होतो. म्हणून बरे वाटले तरी त्या दिवशी एकटे राहू नये.
- डोळ्यात थेंब उडाल्यास बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.
- कातडीवर वारंवार लागल्यास त्वचा कोरडी व कडक होते. काही जणांना याची ॲलर्जी जडते. एकदा जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही पुरळ उठते.
- पोटात गेल्यास अन्ननलिका व जठर भाजते. मिथेनॉलमुळे दृष्टीलाही धोका असतो.
- जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केला.

नाक या वासाला लवकर सरावते. दहा-पंधरा मिनिटे आत काम केल्यावर 'आता वास कमी झाला' असे वाटते, प्रत्यक्षात हवेतील प्रमाण तेवढेच असते. त्यामुळे वासावरून सुरक्षितता ठरवू नये. दम्याचा त्रास असणारे, गरोदर महिला आणि लहान मुले यांना या कामापासून पूर्ण दूर ठेवावे.

आधी ठरवा : तुमची खोली बंद होते का?

फॉर्मल्डिहाइड परिणामकारक ठरण्यासाठी चार गोष्टी लागतात : बंद खोली, २५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा जास्त तापमान, ७० टक्क्यांहून अधिक आर्द्रता आणि स्वच्छ पृष्ठभाग. विष्ठा, पानांचे अवशेष, लिटर, धूळ तशीच असेल, तर रसायन त्यातील प्रथिनांवरच खर्च होते आणि जंतू तसेच राहतात.

यातील पहिली अट सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याकडील अनेक रेशीम संगोपनगृहे बाजूंनी शेडनेट लावलेली आहेत. पोल्ट्री शेडलाही दोन्ही लांब बाजूंना जाळी असते. अशा ठिकाणी वायू टिकतच नाही. औषधाचा खर्च होतो, फवारणाऱ्याला आणि शेजारच्या घराला त्रास होतो, रोग मात्र पुढच्या बॅचमध्ये पुन्हा येतो. मग 'डोस कमी पडला' असे समजून प्रमाण वाढवले जाते. येथे दोष डोसचा नसतो, उघड्या बाजूंचा असतो.

म्हणून फॉर्मेलिन विकत घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. खोली २४ तास हवाबंद ठेवता येईल का? शेडनेटवर आतून-बाहेरून प्लॅस्टिक कागद लावून फटी बुजवता येतील का?
२. नंतर ती बाहेरूनच उघडून मोकळी हवा खेळवता येईल का?
३. शेडला लागून राहते घर, गोठा किंवा धान्य-चाऱ्याची साठवण आहे का?

पहिल्या दोनपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल किंवा तिसऱ्याचे उत्तर 'हो' असेल, तर फॉर्मेलिन वापरू नये. शेवटी दिलेले पर्याय वापरावेत.

कोठे, कसे वापरले जाते

*रेशीम संगोपनगृह.* बॅच संपल्यावर व पुढील बॅच येण्यापूर्वी खोली, रॅक, चंद्रिका व साहित्य यांवर २ टक्के फॉर्मल्डिहाइड असलेले द्रावण, त्यात ०.३ ते ०.५ टक्के विरलेला चुना मिसळून, फवारले जाते. खोली २४ तास बंद ठेवतात. हे काम अळ्या आणण्याच्या किमान पाच दिवस आधी पूर्ण करावे. वायू शिल्लक असलेल्या खोलीत चॉकी आणल्यास अळ्यांना इजा होते.

*धिंगरी अळिंबीचे काड.* रासायनिक पद्धतीत १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम (५० टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी) आणि १२५ मि.लि. फॉर्मेलिन मिसळून त्यात काड १६ ते १८ तास भिजवतात. येथे फॉर्मेलिनचे प्रमाण कमी असले, तरी काड हाताने दाबणे, काढणे, पिळणे ही कामे बहुतेक घरातील महिला उघड्या हातांनी, बंद खोलीत करतात. ड्रम अंगणात, सावलीत ठेवावा, वर झाकण असावे आणि काड काढताना लांब हातमोजे घालावेत. काड उतारावर पसरून पाणी निथळू द्यावे व वास गेल्यावरच स्पॉन भरावे. वास शिल्लक असलेल्या काडात अळिंबीचीही वाढ अडते.

*केसिंग माती व रोपवाटिकेची माती.* मातीवर द्रावण शिंपडून ती ४८ तास प्लॅस्टिकने झाकतात. नंतर कागद काढून माती रोज खाली-वर करतात. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा ते दोन आठवडे, माती वापरू नये. घाई केल्यास बी उगवत नाही, रोपांची मुळे जळतात. माती उलटताना अडकलेला वायू एकदम बाहेर येतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेला पाठ करून काम करावे.

*पोल्ट्री शेड व उबवणी केंद्र.* रिकाम्या, धुतलेल्या व बंद करता येणाऱ्या शेडचे धुरीकरण केले जाते. त्याची पद्धत व धोके पुढे वेगळे दिले आहेत.

दूध, मासे, भाजीपाला किंवा कोणताही खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी फॉर्मेलिन वापरण्यास परवानगी नाही. माशांमध्ये फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून २०१८ मध्ये गोव्यात मोठा वाद झाला आणि परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी घालण्यात आली होती. दुधाच्या तपासणीचा नमुना टिकवण्यासाठी फॉर्मेलिनचे थेंब घातलेली बाटली असेल, तर ती लेबल लावून स्वतंत्र ठेवावी.

टक्केवारीचा हिशेब

फॉर्मेलिनच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ येथे होतो. '४ टक्के फॉर्मेलिन' या शब्दांचे दोन अर्थ घेतले जातात.

- अर्थ पहिला : १०० लिटर द्रावणात कॅनमधील फॉर्मेलिन ४ लिटर. यात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड फक्त सुमारे दीड टक्का असते.
- अर्थ दुसरा : द्रावणात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड ४ टक्के. यासाठी १०० लिटरला कॅनमधील फॉर्मेलिन सुमारे १०.८ लिटर लागते.

दोन्हींत जवळजवळ पावणेतीनपट फरक आहे. त्यामुळे कोणतीही शिफारस ऐकताना 'कॅनमधले किती लिटर आणि पाणी किती' असे स्पष्ट विचारून लिहून घ्यावे.

प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइडच्या टक्केवारीसाठी सूत्र सोपे आहे :

लागणारे फॉर्मेलिन (लिटर) = एकूण द्रावण (लिटर) × पाहिजे ती टक्केवारी ÷ कॅनवरील टक्केवारी

रेशीम संगोपनगृहासाठी २ टक्क्यांचे १०० लिटर द्रावण करायचे असल्यास :

- कॅनवर ३६ टक्के असेल तर ५.६ लिटर (म्हणजे १ भाग फॉर्मेलिन, १७ भाग पाणी)
- कॅनवर ३७ टक्के असेल तर ५.४ लिटर
- कॅनवर ४० टक्के असेल तर ५ लिटर

१६ लिटरच्या पाठीवरील पंपासाठी हेच प्रमाण ३७ टक्क्यांच्या कॅनमधून सुमारे ८६५ मि.लि. येते. मोजण्यासाठी खुणा असलेले प्लॅस्टिकचे मापपात्र वापरावे आणि ते याच कामासाठी राखून ठेवावे. झाकणाने किंवा अंदाजाने मोजू नये. आधी पाणी घ्यावे, त्यात फॉर्मेलिन सावकाश ओतावे.

हा हिशेब आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. २ टक्क्यांच्या १०० लिटर द्रावणात सुमारे २ किलो फॉर्मल्डिहाइड असते. पाणी मिसळल्याने ते नाहीसे होत नाही. भिंती आणि रॅकवरून हळूहळू त्याच खोलीच्या हवेत येते. 'पातळ केले आहे, आता भीती नाही' हा समज चुकीचा आहे.

फवारणी करताना

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीतून झालेल्या विषबाधेनंतर सुरक्षा किट हा शब्द गावागावांत पोहोचला. मात्र फवारणीच्या किटमधील साधा मास्क थेंब व धूळ अडवतो, वायू अडवत नाही. ओला रुमाल, कापडी मास्क, एन-९५ मास्क यांतूनही फॉर्मल्डिहाइड आत जातो. यासाठी फॉर्मल्डिहाइडकरिता योग्य असा उल्लेख असलेले कार्ट्रिज बसवलेला श्वसन मास्क लागतो. संपूर्ण चेहरा झाकणारा असेल तर उत्तम, कारण डोळेही वाचतात. कार्ट्रिजची मुदत पाहावी. आत वास येऊ लागल्यास लगेच बाहेर येऊन ते बदलावे.

याशिवाय नायट्राइल किंवा ब्युटाइल रबराचे लांब हातमोजे, बाजूने बंद असलेला चष्मा, प्लॅस्टिक ॲप्रन आणि गमबूट घालावेत. दवाखान्यातील पातळ हातमोजे पुरेसे नाहीत.

कामाचा क्रम असा ठेवावा.

१. खोली झाडून, धुऊन, वाळवून घ्यावी. फटी कागदाने बुजवाव्यात. एकच दरवाजा मोकळा ठेवावा.
२. विजेचा मुख्य खटका बंद करावा. गॅस ब्रूडर, शेगडी, दिवा, अगरबत्ती काहीही पेटते नसावे. विडी-सिगारेट नको.
३. द्रावण उघड्यावर तयार करावे. सोबत दुसरी व्यक्ती दरवाजाबाहेर उभी असावी. एकट्याने हे काम करू नये.
४. स्वच्छ पाण्याची किमान दोन बादल्या व साबण दरवाजाजवळ ठेवावा.
५. फवारणी आतल्या टोकापासून सुरू करून दरवाजाकडे मागे सरकत यावे. फवारलेल्या भागात पुन्हा जाऊ नये. डोक्यावरील छत फवारताना थेंब अंगावर पडतात, तेव्हा विशेष काळजी घ्यावी.
६. बाहेर आल्यावर दरवाजा बंद करून कुलूप लावावे. 'आत विषारी वायू आहे, उघडू नये' अशी पाटी तारीख-वेळेसह लावावी. कुलपाची किल्ली मुलांच्या हाती पडणार नाही अशी ठेवावी.
७. कपडे लगेच बदलून वेगळे धुवावेत, साबणाने आंघोळ करावी, त्यानंतरच खाणे-पिणे करावे.
८. २४ तासांनंतर खिडक्या व दरवाजे बाहेरून उघडावेत. मास्कशिवाय आत जाऊ नये. किमान एक पूर्ण दिवस हवा खेळू द्यावी. डोळे चुरचुरत असतील तर खोली अजून तयार नाही.

परमँगनेटसोबत धुरीकरण : सर्वांत धोक्याचे काम

पोटॅशियम परमँगनेटवर फॉर्मेलिन ओतल्यास जोरदार उष्णता निर्माण होते, द्रावण उकळते आणि फॉर्मल्डिहाइड वायू काही क्षणांत बाहेर पडतो. पोल्ट्रीमध्ये १०० घनफूट जागेसाठी ४० मि.लि. फॉर्मेलिन व २० ग्रॅम परमँगनेट हा एकपट डोस मानला जातो. आवश्यकतेनुसार दुप्पट किंवा तिप्पट घेतला जातो.

एक उदाहरण पाहू. १० फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच खोली म्हणजे १००० घनफूट. एकपट डोसाने ४०० मि.लि. फॉर्मेलिन लागते. त्यातील साधारण अर्धेच फॉर्मल्डिहाइड हवेत आले असे धरले, तरी खोलीतील प्रमाण दोन हजार पीपीएमच्या पुढे जाते. जिवाला तत्काळ धोकादायक पातळी २० पीपीएम आहे. म्हणजे शंभरपटीहून जास्त. 'विसरलेली वस्तू पटकन आणतो' म्हणून श्वास रोखून आत जाणे किती घातक आहे, हे यावरून लक्षात येईल.

याच हिशेबातून आगीचा धोका नेमका कोठे आहे तेही कळते. वायू पेट घेण्यासाठी हवेत ७ टक्के, म्हणजे ७० हजार पीपीएम प्रमाण लागते. योग्य डोस दिलेल्या संपूर्ण खोलीत तेवढे प्रमाण होत नाही. पण भांड्याच्या तोंडाशी ते होऊ शकते. तेथे उष्णता आहे, मिथेनॉलची वाफ आहे आणि परमँगनेट हे स्वतः ऑक्सिजन पुरवणारे रसायन आहे. शेजारी भाताचे तूस, गवत, कागद, गोणपाट असेल तर आग तेथूनच लागते. म्हणून पुढील नियम काटेकोरपणे पाळावेत.

- भांडे मातीचे किंवा धातूचे, खोल व रुंद असावे. त्याची क्षमता फॉर्मेलिनच्या किमान दहापट असावी. प्लॅस्टिकचे किंवा काचेचे भांडे वापरू नये. उष्णतेने प्लॅस्टिक वितळते, काच तडकते.
- भांडे विटांवर, सर्व बाजूंनी मोकळ्या फरशीवर ठेवावे. लिटर पसरण्यापूर्वीच धुरीकरण करावे.
- आधी भांड्यात परमँगनेट ठेवावे, नंतर त्यावर आधीच मोजून ठेवलेले फॉर्मेलिन ओतावे. उलट क्रम कधीही करू नये. फॉर्मेलिनमध्ये परमँगनेट टाकल्यास द्रावण उसळून अंगावर येते.
- ओतताना भांड्यावर वाकू नये. ओतून लगेच बाहेर पडावे. 'झाले का' हे पाहण्यासाठी थांबू नये.
- एकापेक्षा जास्त भांडी असल्यास सर्वांत आतल्या भांड्यापासून सुरुवात करून दरवाजाजवळचे शेवटी घ्यावे. प्रत्येक भांड्यासाठी मोजलेले फॉर्मेलिन वेगळ्या मगात आधीच तयार असावे.
- दोन्ही रसायने एकत्र साठवू नयेत, एकाच गाडीत शेजारी ठेवून आणू नयेत.

ठरलेला वेळ झाल्यावर उरलेला वायू कमी करण्यासाठी वापरलेल्या फॉर्मेलिनच्या निम्मे द्रवरूप अमोनिया दरवाजाजवळ फरशीवर शिंपडतात. तो फॉर्मल्डिहाइडशी संयोग पावून वास कमी करतो. हे करतानाही मास्क आवश्यक आहे, कारण अमोनियाही डोळे व श्वासनलिकेला त्रासदायक आहे.

कशासोबत मिसळू नये

- ब्लिचिंग पावडर किंवा क्लोरीनयुक्त द्रावण : दोन्ही एकमेकांना निकामी करतात, उष्णता व त्रासदायक वायू तयार होतात. दोन्ही वापरायचे असल्यास वेगवेगळ्या दिवशी, मध्ये खोली धुऊन वापरावे.
- हायड्रोक्लोरिक आम्ल (फरशी व शौचालय धुण्याचे ॲसिड) : फॉर्मल्डिहाइडसोबत याच्या वाफेतून कर्करोगकारक संयुग तयार होऊ शकते.
- हायड्रोजन पेरॉक्साइड, परमँगनेट व इतर ऑक्सिडीकारक : जोरदार प्रक्रिया होते.
- शेणखताचा खड्डा, बायोगॅस, जीवामृत, ट्रायकोडर्मा : फॉर्मेलिनचे पाणी यात गेल्यास उपयुक्त जिवाणू-बुरशी मरतात.

साठवण

मूळ कॅन, मूळ लेबल आणि घट्ट झाकण ही पहिली अट आहे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत फॉर्मेलिन कधीही काढून ठेवू नये; ते पाण्यासारखेच दिसते. कॅन कुलूपबंद, हवेशीर, सावलीच्या जागी, जमिनीलगत ठेवावा. स्वयंपाकघर, झोपण्याची खोली, धान्य कोठार, चारा आणि डिझेल-पेट्रोल यांपासून दूर ठेवावा.

तापमान साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस असावे. हिवाळ्यात निफाडसारख्या भागात पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा कॅनच्या तळाशी पांढरा साका बसतो. अशा कॅनमधील वरच्या द्रावणाची तीव्रता लेबलवरील टक्केवारीपेक्षा कमी झालेली असते, त्यामुळे हिशेब चुकतो. साका विरघळावा म्हणून कॅन चुलीवर, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात ठेवू नये. तसा कॅन न वापरता विक्रेत्याकडे परत द्यावा. गरजेपुरतेच खरेदी करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

रिकामा कॅन तीन वेळा धुऊन, भोके पाडून निकामी करावा. तो पाणी, दूध किंवा तेलासाठी वापरू नये, जाळू नये. धुतलेले पाणी विहीर, ओढा, शेततळे यांत सोडू नये.

सांडल्यास किंवा आग लागल्यास

थोडे सांडल्यास सर्वांना बाहेर काढावे, पेटते सर्व विझवावे, दारे-खिडक्या उघडाव्यात. मास्क व हातमोजे घालून त्यावर कोरडी माती किंवा वाळू टाकावी व ती झाकणाच्या प्लॅस्टिक बादलीत भरावी. भुसा वापरू नये. तो स्वतः जळाऊ आहे.

कॅनजवळ छोटी आग असल्यास कोरड्या पावडरचे अग्निशामक किंवा भरपूर पाण्याचा फवारा चालतो. परमँगनेट सामील असेल तर पावडर, वाळू किंवा झाकून टाकणे उपयोगी पडत नाही, कारण त्याला बाहेरच्या हवेची गरज नसते. तेथे लांबून भरपूर पाणीच लागते. खोलीत वायू भरलेला असताना आग लागली, तर विझवायला आत जाऊ नये. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे आणि आत कोणते रसायन आहे ते सांगावे.

प्रथमोपचार

- डोळ्यात गेल्यास : लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या ठेवून, १५ ते २० मिनिटे धुवावे. डोळा चोळू नये. नंतर नेत्रतज्ज्ञाकडे जावे.
- कातडीवर पडल्यास : कपडे काढून १५ मिनिटे पाण्याने धुवावे. तेल, हळद, मलम लावू नये.
- श्वासात गेल्यास : मोकळ्या हवेत आणावे, कपडे सैल करावेत, अर्धवट बसते ठेवावे. बेशुद्ध व्यक्तीला बाहेर काढण्यासाठी मास्कशिवाय आत शिरू नये; एकाचे दोन रुग्ण होतात.
- पोटात गेल्यास : उलटी करवू नये. मीठ-पाणी, ताक, दूध पाजण्यात वेळ घालवू नये. तोंड धुवावे आणि रुग्णालयात न्यावे.

कोणत्याही प्रसंगी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. कॅन किंवा लेबलचा फोटो सोबत न्यावा आणि द्रावणात मिथेनॉल आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपचार त्यावर अवलंबून असतात.

फॉर्मेलिनऐवजी काय?

- रेशीम संगोपनगृह : २ टक्के ब्लिचिंग पावडर अधिक ०.३ टक्के विरलेला चुना, किंवा क्लोरीन डायऑक्साइडयुक्त निर्जंतुक. उघड्या बाजूंच्या शेडसाठी हेच जास्त योग्य. साहित्य कडक उन्हात वाळवणेही उपयोगी. ब्लिचिंगने धातू गंजतो, म्हणून लोखंडी रॅक नंतर पुसावेत.
- धिंगरीचे काड : ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात एक ते दीड तास, किंवा वाफेने निर्जंतुकीकरण. इंधन लागते, पण श्वासाचा धोका नाही.
- केसिंग माती : ६० ते ६५ अंश सेल्सिअस वाफेवर सहा ते आठ तास.
- रोपवाटिका : एप्रिल-मे महिन्यांत ओलवलेल्या वाफ्यावर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे अंथरून माती तापवणे, त्यानंतर ट्रायकोडर्माचा वापर.
- पोल्ट्री शेड : कोरडी साफसफाई, दाबाच्या पाण्याने धुणे, रिकाम्या शेडमध्ये फ्लेमगनने पिसे जाळणे, चुना लावणे आणि दोन बॅचमध्ये पुरेसे दिवस शेड रिकामे ठेवणे.

रोगाचा प्रादुर्भाव मोठा असेल आणि खोली खरोखर हवाबंद होत असेल, तेव्हाच फॉर्मेलिनचा विचार करावा. त्या वेळी आपल्या जिल्ह्यातील रेशीम कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून प्रमाण 'कॅनमधले किती, पाणी किती' अशा शब्दांत लिहून घ्यावे. योग्य मास्क मिळाला नसेल, तर बॅच चार दिवस पुढे ढकलावी. फवारणी मात्र मास्कशिवाय करू नये.